पंचनाम्यावर सही कुणाची?

मैत्रिणींनो, नळावर आपण कुणाच्या तरी सुनेचा 'पंचनामा' करतो, तेव्हा नुसती मतंच मतं असतात. पोलिसांच्या पंचनाम्यात मताला जागाच नाही. पंचांना डोळ्यांसमोर काय, कुठे, कसं दिसलं, तेवढंच लिहायचं. आणि नावात पाच असले तरी पंच दोन पुरतात. कायदा म्हणतो, परिसरातले प्रतिष्ठित रहिवासी. प्रतिष्ठित पुरुष, असं कुठंही म्हटलेलं नाही!

१९९१ साली आमच्या चाळीत एक मुलगी जळून गेली. लग्नाला तीन वर्षं झालेली. पंच कोण, तर कोपऱ्यावरचा पानवाला आणि सासऱ्यांचे एक स्नेही. मी उंबऱ्याबाहेर उभी. स्टोव्ह मला दिसत होता, टाकी धड होती, आणि मोरीपाशी रॉकेलचा डबा आडवा पडलेला. पुढे जागेचा पंचनामा वाचायला मिळाला. त्यात लिहिलेलं, 'स्टोव्हचा भडका होऊन'. भडका पंचांनी पाहिला होता का? ते तर दोन तासांनी आले. डब्याचं नावसुद्धा नाही. मी सगळ्यांना डब्याबद्दल सांगत राहिले, पण कागदावर डबा नव्हता.

जागेचा पंचनामा वेगळा, प्रेताचा वेगळा. प्रेताच्या पंचनाम्यात जखमा, भाजल्याच्या खुणा लिहितात. लग्नापासून सात वर्षांच्या आत बाईनं आत्महत्या केली किंवा तिचा संशयास्पद मृत्यू झाला, तर शवविच्छेदनाला पाठवायचं, ही दुरुस्ती १९८३ची. १ जुलै २०२४पासून नवी संहिता आली, तिच्या कलम १९४मध्ये हा नियम कायम आहे. तिच्या नातेवाइकानं मागणी केली तरीही पाठवावं लागतं, हे माहेरच्यांना आपणच सांगायचं. त्या वेळी त्यांना काही सुचत नसतं.

नंतर मी दोनदा पंच झाले. पहिल्यांदा हवालदार म्हणाले, "बाई, कोर्टात यावं लागेल." म्हटलं, येईन की. कोऱ्या कागदावर सही मागितली, ती दिली नाही. सगळं वाचून घेतलं, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ घालायला लावली. दाराची कडी आतून होती की बाहेरून, हे राहिलं होतं, ते लिहून घेतलं. तासभर जास्त गेला, हवालदार वैतागले.

पुढच्या बैठकीला दोन-तीन जुन्या पंचनाम्यांच्या प्रती आणते. नावं झाकून. ज्यांना अक्षर लागत नाही त्यांना मी वाचून दाखवीन, काय काय लिहायचं राहिलंय ते तुम्ही सांगायचं.