मेंदूच्या पट्टीवरचं भविष्य

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. मेंदूच्या शास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण काही विषय आपण निवडत नाही, ते घरात येऊन बसतात.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा भाचा पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होता. वय एकोणीस. आधी त्याची झोप गेली, मग मित्र तुटले. ताट घेऊन खोलीत जायचा आणि आतून कडी लावायचा. एकदा मी आपाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. रेडिओवर बातम्या चालू होत्या. त्यानं उठून रेडिओ बंद केला आणि हळूच म्हणाला, "मामू, हा माणूस माझ्याबद्दलच बोलतोय." मी हसलो. पोरगा गंमत करतोय असं वाटलं. ते हसू मला आजही बोचतं.

मग कुणी नजर लागली म्हणालं, कुणी जिन्नाचा असर. ताईत झाले, दर्ग्याच्या फेऱ्या झाल्या. दीड वर्ष गेलं. मी दुआला नावं ठेवत नाही. आपाला त्या दिवसांत दुसरा आधारच नव्हता. पण दवा लांबली, हे खरं. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांच्या एका निवाऱ्याला आग लागली. साखळदंडांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. २८ जण गेले. उलट गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्याच्या आवारात २००८ पासून मानसोपचाराची सोय झाली. तिथं दुआ मागणाऱ्याला दवाही मिळू लागली. एकीसाठी दुसरी सोडावी लागत नाही, हे आमच्या घराला उशिरा कळलं.

अखेर डॉक्टरांकडे गेलो. 'सायकोसिस' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. भास, संशय, वास्तवाचा धागा सुटणं, अशी ती अवस्था. आपानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, ती मेंदूची पट्टी काढा आणि एवढंच सांगा, हा पहिल्यासारखा होईल ना?" डॉक्टर थोडं थांबून म्हणाले, "पट्टी मी फिट्सची शंका असली तर काढतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आज त्यात नाही."

'आज त्यात नाही' या शब्दांनी मी वाचायला लागलो.

ही पट्टी म्हणजे ईईजी. जर्मनीत येना इथं हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञानं १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची पहिली नोंद केली. पुढे १९७८ मध्ये फिनलंडचे रिस्टो नाटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गंमत दाखवली. कानात एकसारखे बीप ऐकवायचे. टक्, टक्, टक्, आणि मध्येच एखादा वेगळा. ऐकणाऱ्याचं लक्ष पुस्तकात किंवा मूक चित्रपटात असलं, तरी वेगळा ठोका येताच साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात मेंदूच्या लहरीत एक खळगा उमटतो. याला 'मिसमॅच निगेटिव्हिटी' म्हणतात.

मला ते लगेच पटलं. मुशायऱ्यात एखाद्याचा मिसरा वजनातून घसरला, तर कुठं घसरला हे सांगायच्या आधीच कान टोचतो. मेंदू सतत पुढचा ठोका गृहीत धरत असतो. तो चुकला की दचकतो.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये हे दचकणं मंदावतं, हे १९९१ मध्ये पुढे आलं. त्यानंतर ज्या तरुणांमध्ये आजाराची नुसती चाहूल आहे, त्यांच्यावर अभ्यास झाले. अशांपैकी साधारण चार-पाचांत एकालाच पुढच्या दोन-तीन वर्षांत पुरता आजार होतो. बाकीच्यांना होत नाही. तो एक कोण, हाच प्रश्न. काही अभ्यासांत असं दिसलं, की पुढे आजारी पडलेल्यांचा तो खळगा आधीपासूनच उथळ होता. 'पी ३००' नावाची दुसरी एक लहर आहे. मोजून ओळखायला सांगितलेला आवाज आला, की साधारण तीनशे मिलिसेकंदांनी ती उठते. ती ज्यांची चांगली होती, त्यांच्यातले पुष्कळ जण पुढे सावरले, असंही आढळलं.

पण इथंच सांभाळायला हवं. एका बीपनं उठलेली लहर इतकी बारीक असते, की मेंदूच्या इतर गलबल्यात ती दिसतच नाही. शेकडो बीपांची सरासरी काढावी तेव्हा ती वर येते. माणसांचंही तसंच. शंभर जणांच्या गटाविषयी जे खरं, ते एकट्या पोराविषयी खरं ठरेलच असं नाही. सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष जुळतही नाहीत. म्हणून ही तपासणी अजून संशोधनातच आहे. दवाखान्यात तिच्यावरून भविष्य सांगण्याइतकी पक्की नाही. उद्या ती पक्की झाली, तरी तिचा उपयोग कुणाला जास्त मदत लागेल हे ओळखण्यासाठी व्हावा. लग्नाच्या बैठकीत किंवा नोकरीच्या मुलाखतीत नव्हे. पत्रिकेतल्या मंगळानं आपल्याकडे पुरेसं नुकसान केलेलं आहे.

आणि पट्टीशिवायही बरंच ठाऊक आहे. पहिल्या लक्षणापासून उपचारापर्यंत जितका काळ वाया जातो, तितकं सावरणं अवघड होतं. गांजानं धोका वाढतो. घरात सतत टोमणे आणि चिडचिड असली, तर आजार पुन्हा उलटण्याचा संभव जास्त, हे लंडनला दिसलं आणि आपल्या चंदीगडलाही. म्हणजे भविष्याचा काही भाग त्या पट्टीवर नाही, आपल्या हातात आहे. आमच्या घरानं दीड वर्ष घालवलं. तुम्ही दीड महिनाही घालवू नका. कुठं जावं कळत नसेल, तर सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे, क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येतं.

भाचा आता एका झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. गोळ्या चालू आहेत. पहिल्यासारखा झाला का? नाही. शिक्षण सुटलं ते सुटलंच. पण संध्याकाळी दुकान बंद करून घरी येतो, आपाबरोबर जेवतो, कडी लावत नाही.

हे भाषण लिहिल्यावर मी त्याला वाचून दाखवलं. रेडिओवर बोलू का, असं विचारलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बोला मामू. या वेळी खरंच माझ्याबद्दल बोलताय. फक्त नाव सांगू नका."

नाव सांगितलेलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)