दूध काढण्याचें यंत्र व त्याचें माप

आजचा विषय कानीं पडतांच कांहीं घरांतून रेडिओचा कान पिळला जाण्याचा संभव आहे, हें मी जाणून आहें. ज्या घरांत तान्हें मूल आहे त्या घरच्यांनीं तरी तसें करूं नये, आणि पुरुषांनींही उठून जाऊं नये, अशी माझी विनंति आहे. कारण हें यंत्र विकत आणण्याचें काम पुष्कळदां त्यांच्याकडेच येतें, आणि चूक बहुधा तेथेंच होते.

माझी एक भाची ठाण्यास बँकेंत नोकरीस आहे. २०१७ च्या दुरुस्त कायद्यानें मिळालेली २६ आठवड्यांची रजा संपत आली, तेव्हां अंगावरचें दूध काढून ठेवून कामावर जावयाचें असें तिनें ठरविलें. यंत्र आलें. पहिल्या दिवशीं अर्धा तास खटपट करून बाटलींत दूध जमलें तें जेमतेम २० मिलिलिटर. स्तनाग्रें लाल होऊन ठणकूं लागलीं तें निराळेंच. तिची अंगकाठी मूळचीच भरदार. बाळंतपणानंतर स्तन अधिकच जड झालेले. घरांतील एक वडीलधाऱ्या बाई सहज बोलून गेल्या, "एवढा संभार, आणि दूध एवढेंच?" बोलण्यांत दुष्टावा नव्हता, पण पोरीनें तें मनाला लावून घेतलें. मला म्हणाली, "मावशी, माझ्यांतच कांहीं उणें आहे. डबा सुरू करूं का?"

वास्तविक तिचें मूल अंगावर पोटभर पीत होतें, त्याचें वजन नीट वाढत होतें. म्हणजे दूध होतें. यंत्राला तें काढतां येत नव्हतें. मीं तिला सांगितलें, "डब्याचें मागाहून पाहूं. आधीं ती पेटी घेऊन माझ्याकडे ये."

या यंत्राच्या तोंडाशीं नरसाळ्यासारखा एक भाग असतो. दुकानांत त्याला 'फ्लँज' म्हणतात. आपण नरसाळेंच म्हणूं. त्याच्या मधल्या नळीचा व्यास मिलिमीटरांत दिलेला असतो: २१, २४, २७, ३०, ३६ असे. पुष्कळ यंत्रांबरोबर २४ चें येतें. भाचीच्या पेटींत ३६ चें निघालें. दुकानदारानें जांवईबापूंना विचारलें होतें, "बाई अंगानें कशा आहेत?" आणि उत्तर ऐकून सर्वांत मोठें माप बांधून दिलें होतें. अंगठीचें माप दंडावरून घ्यावें, त्यांतलाच हा प्रकार! तो आंकडा स्तनाचा नसून स्तनाग्राचा असतो. स्तन मोठा दिसतो तो मुख्यतः मेदामुळें. त्यावरून दुधाचेंही अनुमान करतां येत नाहीं आणि स्तनाग्राचेंही. भरदार स्त्रीचें स्तनाग्र लहान असूं शकतें, सडपातळ स्त्रीचें मोठें.

नळी फार मोठी असली म्हणजे स्तनाग्राबरोबर भोंवतालचें काळें वर्तुळही आंत ओढलें जातें, सुजतें, आणि दुधाच्या नलिका चेपल्या जातात. नळी फार लहान असली तर स्तनाग्र कडेला घासून पांढरें पडतें, त्याला भेगा पडतात. दोहोंचें फळ एकच: वेदना होतात आणि दूध आंतच राहतें.

स्तनाच्या रचनेची आपली माहिती दीर्घकाळ सर ॲस्टली कूपर या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८४० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथावर उभी होती. २००५ सालीं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठांतील संशोधकांनीं अंगावर पाजणाऱ्या मातांचे स्तन ध्वनिलहरींच्या यंत्रानें तपासले. दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचा मोठा भाग स्तनाग्राच्या मुळापासून ३० मिलिमीटरांच्या आंतच असतो, आणि नलिका त्वचेच्या इतक्या जवळून जातात कीं त्या सहज दाबल्या जातात, असें त्यांना आढळलें. ही गोष्ट भरदार स्त्रियांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. स्तन जड असला कीं नरसाळें खालच्या बाजूनें सुटतें व हवा शिरते; मग बाई तें अधिक जोरानें दाबून धरते, आणि ज्या वाटेनें दूध यावयाचें तीच वाट बंद करते.

माप घरींच घेतां येतें. मुलांच्या कंपासपेटींतील पट्टी पुरे. दूध काढण्यापूर्वीं, स्तनाग्र सुजलेलें नसतांना, त्याची रुंदी मोजावी. भोंवतालचें वर्तुळ धरूं नये. दोन्ही बाजू वेगळ्या मोजाव्या, कारण त्या सारख्या असतीलच असें नाहीं. नळी त्याहून किती मोठी असावी, याविषयीं तज्ज्ञांत एकमत नाहीं. यंत्र करणारे चार मिलिमीटरांपर्यंत सांगतात, अलीकडे पुष्कळ सल्लागार त्याहून कमीच सांगूं लागले आहेत. माझें मत असें कीं, पट्टीनें सुरुवात करावी आणि निर्णय शरीरावर सोंपवावा. स्तनाग्र नळींत मोकळेपणानें पुढेंमागें सरकतें, वर्तुळाचा फारसा भाग आंत जात नाहीं, दुखत नाहीं आणि शेवटीं स्तन हाताला मऊ लागतो, तें माप आपलें. भाचीचें स्तनाग्र भरलें १७ मिलिमीटर. तिच्यासाठीं २१ चें नरसाळें आणलें, आणि त्यांत बसणारी १९ ची मऊ सिलिकोनची आंतली नळीही. तिला १९ चीच मानवली. याचा अर्थ सर्वांनीं लहान माप घ्यावें असा नव्हे; कांहीं जणींना ३० किंवा ३६ च लागतें.

माप जमलें तरी जड स्तनांची एक अडचण उरतेच, आणि तिच्याविषयीं माहितीपत्रकांत क्वचितच लिहिलेलें असतें. अशा स्त्रीला आपल्या स्तनाची खालची बाजू दिसत नाहीं. स्तनाग्र नळीच्या मधोमध आहे कीं एका कडेला घासतें आहे, हें तिला कळावें कसें? समोर आरसा ठेवावा. एवढ्या साध्या युक्तीनें भाचीची अर्धी अडचण गेली. स्तनाखालीं टॉवेलची गुंडाळी ठेवावी, म्हणजे भार हातावर येत नाहीं व कड सुटत नाहीं. नरसाळ्याचें तोंड किती पसरट आहे तेंही पाहावें. नेहमींचा कोन ९० अंशांचा असतो, पण १०५ अंशांचीं अधिक पसरट नरसाळीं मिळतात आणि भरदार स्तनाला तीं पुष्कळदां बरीं बसतात. चोळींत घालून ठेवावयाचीं वाटीसारखीं यंत्रें हल्लीं निघालीं आहेत. तीं सोयीचीं खरीं, पण त्यांसाठीं चोळी घट्ट ओढून बांधावी लागत असेल तर मघां सांगितलेला नलिकांचा दाब आठवावा.

ओढ प्रथम हलकी ठेवावी. अधिक ओढ म्हणजे अधिक दूध हा भ्रम आहे. मोकळ्या हातानें स्तन हळुवार चोळीत राहावें. अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या मातांवर अमेरिकेंत झालेल्या आणि २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, यंत्राला हाताची जोड दिल्यानें दूध वाढल्याचें दिसलें. दोन-तीन महिन्यांनीं दूध एकाएकीं कमी येऊं लागलें, तर स्वतःला दोष देण्यापूर्वीं यंत्रांतील रबरी पडदा तपासावा. तो सैल पडतो, फाटतो, आणि बदलून मिळतो. मात्र स्तनांत गांठ येऊन ती जागा लाल झाली व ताप भरला, तर वेळ न दवडतां डॉक्टरांस दाखवावें.

आतां राहिला वडीलधाऱ्या बाईंचा आक्षेप. त्या म्हणाल्या, "काढून ठेवलेलें दूध म्हणजे शिळेंच कीं." स्वच्छ भांड्यांत झांकून शीतकपाटांत ठेवलेलें दूध चार दिवस चांगलें राहतें, हें मीं त्यांना सांगितलें, त्यांना पटलें नाहीं. मग मुंबईस शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं काढलेली मानवी दुधाची पेढी सांगितली. आशियांतील ती पहिली. दुसऱ्या मातांनीं काढून दिलेल्या दुधावर तेथें अपुऱ्या दिवसांचीं बालकें वाढलीं, हें ऐकून बाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग बाटल्या उकळायचें काम माझ्याकडे."

भाची कामावर रुजू झाली. दुपारीं एकदां ती बँकेंतील एका लहानशा खोलींत बसते, परवां विचारलें तर म्हणाली, "एका वेळीं ८० मिलिलिटर निघतें, मावशी, आणि आरसा पर्समध्येंच असतो." तें ३६ चें नरसाळें दुकानदारानें परत घेतलें नाहीं. बाईंनीं तें धुऊन स्वयंपाकघरांत नेलें आहे. बरणींत तेल ओतावयास फार उपयोगी पडतें म्हणतात.