माणशी नऊ लिटर

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते. सुरतेला, नाशिकला, पुण्याला पांगलेले भाऊ थोरल्याच्या घरी गोळा होतात आणि देवीच्या नैवेद्याच्या रोटासाठी गहू मोजायला घेतला जातो. तो कोणी अंदाजाने ओतत नाही. बऱ्याच घरांत एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ, सव्वा मूठ असा गहू पडतो. पुण्याचा पुतण्या राहिला का, पाळण्यातलं बाळ धरलं का, हे दोनदा विचारलं जातं.

श्रोतेहो, त्याच नेमाने पुराच्या दिवसांसाठी घरात पिण्याचं पाणी मोजून ठेवावं, एवढीच आजची विनंती आहे. पिण्यासाठी माणशी दिवसाला ३ लिटर, तीन दिवसांचे ९. पाच माणसांच्या घराला ४५ लिटर, म्हणजे २० लिटरचे दोन जार आणि ५ लिटरचा एक कॅन. एवढी जागा कोणत्याही घरात निघते.

चाळीसगावकरांना हे वेगळं सांगायला नको. २०२१ साली कानबाईचं विसर्जन होऊन पंधरवडा झाला होता. ३० ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. त्या रात्री पाटणादेवी आणि कन्नड घाटाच्या डोंगरांवर असा पाऊस कोसळला की तितूर आणि डोंगरी या एरवी ओढ्यासारख्या दिसणाऱ्या नद्या ३१ तारखेला शहरात शिरल्या. घाटात दरडी कोसळल्या, धुळे-सोलापूर महामार्ग बंद झाला. शेकडो जनावरं वाहून गेली.

राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचा तळ आपल्या धुळ्यातच आहे. पण पथक निघालं तरी ते आधी छपरावर अडकलेल्या जिवांकडे जाणार. ज्या घरातली माणसं सुखरूप आहेत आणि फक्त हंडा रिकामा आहे, त्या घराची पाळी उशिरा येते. ती तशीच यायला हवी. म्हणून तेवढे दिवस त्या घराने आपल्या पाण्यावर काढायचे.

पुरात पाणी कसं कमी पडेल, असं पुष्कळांना वाटतं. पण पुरात सगळ्यात आधी तुटतं ते पिण्याचं पाणी. वीज जाते, नदीकाठच्या जॅकवेलचे पंप थांबतात, नळ कोरडे पडतात. विहिरीत आणि बोअरमध्ये गटाराचं पाणी उतरतं. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडल्यावर सुरत बुडाली. तिथे पोटापाण्यासाठी गेलेल्या हजारो खान्देशी घरांच्या दारात आपली तापीच खाली जाऊन उभी राहिली, आणि ते पाणी पिता येत नव्हतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये अक्कलपाडा धरणाचं पाणी आल्यावर धुळ्यात पांझरेवरचे पूल बुडाले, तेव्हाही नदीकाठाने धास्तीच घेतली होती.

आणखी एक समजूत खोडायला हवी. तुरटी फिरवली की पाणी शुद्ध झालं, असं घरोघरी धरून चालतात. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. गाळलेलं पाणी खळखळून उकळावं, नाहीतर आरोग्य केंद्रातून मिळणारं मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकून अर्धा तास थांबावं. बुडालेली विहीर उपसून, टीसीएल पावडर टाकून झाल्याशिवाय तिचं पाणी तोंडाला लावू नये.

इथे एक जण हमखास म्हणतो, आपली कानबाई माय सांभाळते. सांभाळते, यात शंका नाही. रात्री पाणी चढत असताना नातवंडांना कुशीत घेऊन नाव घेणारी आजी साऱ्या घराला धीर देते, आणि तो धीर बाजारात विकत मिळत नाही. पण त्याच आजीने कानबाईसाठी आठवडाभर आधी घर सारवलेलं असतं, तांब्या-पितळेची भांडी घासलेली असतात, गहू निवडून वेगळा ठेवलेला असतो. त्या गव्हाला घरातलं पोरही हात लावत नाही. देवीसाठी एवढी आधीपासून तयारी करणाऱ्या घराने पाण्याच्या बाबतीत आयत्या वेळी धावाधाव करावी, हे बरं दिसत नाही. रोटाचा गहू जसा वेगळा, तसं हे पाणीही वेगळं. रोजच्या माठात ते मिसळायचं नाही, पाहुणे आले म्हणून काढायचं नाही.

ते शिळं होईल, ही तक्रार खरी आहे. आपल्याकडे कित्येक गावांत नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येतं. तोच दिवस धरावा. नळ आला की जार ओतायचा नाही. ते पाणी स्वयंपाकाला, धुण्याला वापरून जार घासून पुन्हा भरायचा. आणि तो जमिनीवर नको. ओट्यावर किंवा पक्क्या फळीवर, झाकण घट्ट. धाब्याचं घर असेल तर झडीत माती भिजून छत जड होतं, तेव्हा जार पक्क्या छताच्या शेजाऱ्याकडे आधीच ठेवून द्यावा.

बाकीचं सामान सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर. बॅटरी आणि तिचे जादा सेल. सेलवर चालणारा रेडिओ, कारण मोबाइलचं चार्जिंग संपतं. बीपी-शुगरच्या आठवड्याच्या गोळ्या. फुटाणे, शेंगदाणे, गूळ, मुरमुरे, म्हणजे चूल पेटली नाही तरी पोटाला आधार. आधार, रेशन कार्ड, सातबारा, बँकेचं पुस्तक एका प्लास्टिकच्या पिशवीत. मे महिन्यातल्या भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यासाठी ओआरएसची पाकिटं वेगळी, त्यावर खरं तर एक स्वतंत्र भाषण हवं.

वेळ संपत आली आहे आणि गुरांबद्दल बोलायचं राहिलंच. निदान एवढं: नदीकाठच्या गोठ्यात रात्री पाणी वाढतंय असं कळलं की सामान आवरत बसण्याआधी, पाण्यात न शिरता जमत असेल, तर दावी सोडावीत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, रुग्णवाहिकेचा १०८, आणि कुठल्याही संकटात ११२. हे तिन्ही आकडे आज संध्याकाळी खडूने दारामागे लिहावेत, पोरांच्या हाताने लिहून घेतले तर आणखी चांगलं. जार अजून भरले नसतील, तर घरातली माणसं मोजायला घ्यावीत.