दारापुढे ताम्हण लावा



आज भाताची गोष्ट नाही. आज बोलायचं आहे ते दारातल्या झाडाबद्दल.

घरापुढे शोभेचं झाड लावायचं म्हटलं की आपल्या मावळात पहिलं नाव निघतं गुलमोहराचं. झाड देखणं आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ते मूळचं मादागास्कर बेटावरचं. मुळं वरच्या वर पसरतात, लाकूड ठिसूळ. घाटमाथ्याला लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेकडे यावं तसा तो कमी होतो, तरी कार्ल्यात जमीन भिजून मऊ होते, आणि वर वारा. माझ्या दारातला गुलमोहर एका आषाढात गोठ्याच्या पत्र्यावर आडवा झाला. जनावरं चरायला गेली होती म्हणून निभावलं.

त्या जागी मी ताम्हण लावलं. काही भागांत याला जारूळ किंवा मोठा बोंडारा म्हणतात. हे आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल. कोकणात ओढ्या-नाल्यांच्या काठी ते आपसूक वाढतं. त्यामुळे पायाशी पाणी साचलं तरी लगेच कुजत नाही. एकवीरा आईची चैत्रातली यात्रा उरकली की पुढे वैशाखात, सगळं रान वाळलेलं असताना, जांभळ्या फुलांचे तुरे शेंड्याशेंड्याला येतात. लाकूडही चांगलं, जुन्या लोकांनी ते होड्यांना आणि गाड्यांना वापरलं. सागाची सर त्याला नाही. कार्ल्याच्या लेण्यात चैत्याच्या छताला सागाच्या कमानी आहेत, त्यांना दोन हजार वर्षं झाली! पण आपल्याला झाड हवं आहे ते फुलासाठी आणि सावलीसाठी.

रोप घेताना डोळे उघडे ठेवा. याच कुळातलं चीनकडचं एक झुडूप बागांतून लावतात. मला एका रोपवाटिकेतून ताम्हण म्हणून तेच मिळालं होतं. दोन वर्षं पाणी घातल्यावर कळलं. खूण सोपी आहे. झुडपाचं पान बोटाच्या दोन पेरांएवढं, ताम्हणाचं पान चांगलं वीतभर लांब आणि जाड.

त्यापेक्षा रोप घरीच करा. हिवाळ्यात झाडावर तपकिरी, लाकडासारखी टणक बोंडं दिसतात. ती उकलण्याच्या आधी काढून सुपात वाळवा. आतलं बी हलकं, पंख असलेलं. वारा असेल तर उडून जाईल. मार्चमध्ये बी रात्रभर भिजवून गादीवाफ्यावर टाका. वर चाळलेली माती आणि वाळू अगदी पातळ पसरा. बी खोल गेलं की उगवत नाही. सगळं बी उगवेल अशी आशा धरू नका, पोकळ बी बरंच असतं, म्हणून सढळ हातानं टाका. रोप दोन-तीन इंच झालं की पिशवीत लावा आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथंच वाढू द्या. कमरेएवढं रोप जमिनीत गेलं म्हणजे तणात हरवत नाही.

खड्डा एप्रिल-मे महिन्यात खणा, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. ऊन खाऊ द्या. मुरूम लागला तर तो बाजूला टाकून शेतातली माती आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत भरा. भिंतीपासून पंधरा फूट तरी लांब, आणि विजेच्या तारेखाली नको. भाताच्या खाचराच्या बांधावरही नको. सावलीत भाताला फुटवे कमी येतात. ऊन मात्र दिवसभर हवं, नाही तर नुसता पाला वाढेल. पाऊस नीट बसला की लावणी करा.

आता मुख्य गोष्ट. पावसाळ्यात लावलेलं झाड पावसाळ्यात मरत नाही, ते मरतं एप्रिल-मेमध्ये. जुलैत झाडं लावायचा उत्साह सगळ्यांना असतो. मार्चमध्ये त्या झाडाकडे कोण बघतं? आपल्याकडे पाऊस एवढा, पण डोंगरउताराच्या मुरमात पाणी थांबत नाही, आणि फाल्गुनापासून जमीन तापते. ताम्हण हे ओढ्याकाठचं झाड, लहानपणी त्याला तहान सोसत नाही. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा एकेक हंडा पाणी द्या आणि बुंध्याभोवती पेंढा किंवा पालापाचोळा पसरा. हंडाभर पाण्याचीही ओढ असेल तर झाड मोरीच्या वाटेवरच लावा. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी चालतं. धुण्याच्या सोड्याचं पाणी तेवढं दुसरीकडे वळवा.

हिवाळ्यात पानं तांबडी होऊन गळतात. झाड वाळलं असं समजून उपटू नका. नखानं साल खरवडून पाहा, आत हिरवं असेल तर ते जिवंत आहे. शेळ्यांपासून जपायला बोरी-बाभळीचं कुंपण करा.

राबासाठी फांद्या तोडताना कोयता या झाडावर पडतो, त्याबद्दलही सांगतो. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून मोठ्या झाडाची हलकी छाटणी पानगळीत केली तर नुकसान नाही. पण पालवी फुटल्यावर शेंडे तोडलेत तर त्या वर्षीचं फूल गेलं. आणि पाच वर्षांच्या आतलं झाड ओरबाडू नका. बियापासूनचं झाड चार-पाच वर्षांनी फुलू लागतं.

या पाल्याचा काढा साखरेच्या आजारावर फिलिपाईन्समध्ये पितात, तेच ऐकून हल्ली इकडेही कोणी कोणी पितं. डॉक्टरांची गोळी बंद करून तसं करू नका.

बी गोळा करायला नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. ओढ्याकाठी कुठं ताम्हण असेल तर येत्या वैशाखात, फुलावर असताना, त्याच्या बुंध्याला चुन्याची खूण करून ठेवा. फुलं गेल्यावर गर्द रानात ते झाड ओळखू येत नाही.

बरंय तर, नमस्कार!