गेटवेवरचा इंग्रजीचा धडा

(मनमाड येथे शिक्षकांसमोर केलेले भाषण)



मनमाडचे मूल ‘जंक्शन’, ‘सिग्नल’, ‘प्लॅटफॉर्म’ हे शब्द शाळेत येण्यापूर्वीच शिकते. अडते ते वाक्यापाशी. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविली जाते, तरी ही अडचण उरली आहे. येथे मुंबईची सहल उपयोगी पडेल. मुले गेटवे ऑफ इंडियापुढे छायाचित्र काढून परततात. कमानीवरील इंग्रजी लेख वाचायचा राहून जातो. पंचम जॉर्ज व राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी येथे उतरले, त्याचे हे स्मारक, असे तो सांगतो. वर्ष रोमन अंकांत आहे. ते मुलांनाच उलगडू द्यावे. गंमत अशी की, राजेसाहेब आले तेव्हा ही कमान नव्हतीच. ती पूर्ण झाली १९२४ मध्ये!

परक्या राजाचा गौरव कशाला वाचावा, असे कोणी म्हणेल. वाचावा, आणि मग विचारावे: ‘हू केम?’ ‘हू लेफ्ट?’ दुसरे उत्तर त्या लेखात नाही. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीतून गेली. हे वाक्य मुलाने स्वतः इंग्रजीत रचावे. ते पुरे होईपर्यंत आपण त्याला टोकू नये.