नैसर्गिक आपत्ती : प्रकार, कारणे आणि भंडारा जिल्हा

(व्याख्यानाचा लिखित पाठ)



भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, भाताचा जिल्हा म्हणतात. या दोन्ही ओळखी पाण्याने दिलेल्या आहेत. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा बालाघाटच्या बाजूने महाराष्ट्रात येते, तुमसर, मोहाडी, भंडारा, पवनी आणि लाखांदूर तालुक्यांना जीवन देत पुढे जाते व शेवटी वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. ज्या पाण्याने ही भूमी समृद्ध केली, तेच पाणी ३० ऑगस्ट २०२० रोजी भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरले. भाद्रपदातील दशलक्षण पर्वाचे ते दिवस होते. करोनाच्या साथीने आधीच मंदिरे, बाजारपेठा आणि शाळा शांत झाल्या होत्या. अशा वेळी हजारो कुटुंबांना घर सोडून उंच जागी जावे लागले. विशेष म्हणजे त्या पुराचे बहुतांश पाणी या जिल्ह्यात पडलेलेच नव्हते. ते दुसऱ्या राज्यातून आले होते.

नैसर्गिक आपत्तीचा विचार या अनुभवापासून सुरू केला, तर पुष्कळशा गोष्टी आपोआप स्पष्ट होतात.

घटना आणि आपत्ती

निर्जन वाळवंटात मोठा भूकंप झाला तर ती निसर्गातील एक घटना ठरते. तोच भूकंप दगडमातीच्या घरांनी भरलेल्या गावाखाली झाला तर ती आपत्ती होते. भारत सरकारने २००५ साली केलेल्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातही आपत्तीची व्याख्या करताना हाच निकष मानला आहे. जी हानी सोसण्याची आणि सावरण्याची त्या भागातील समाजाची क्षमता अपुरी पडते, ती आपत्ती. म्हणजे आपत्तीची दोन कारणे असतात. एक कारण निसर्गात असते, दुसरे समाजाच्या तयारीत असते. पहिल्यावर मनुष्याचे नियंत्रण फार थोडे आहे. दुसरे मात्र पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे.

शास्त्रज्ञ नैसर्गिक आपत्तींचे ढोबळमानाने चार वर्ग करतात. भूकंप, ज्वालामुखी, त्सुनामी या भूगर्भातील हालचालींतून येतात. चक्रीवादळ, वीज, गारपीट, उष्णतेची व थंडीची लाट या वातावरणातील आपत्ती होत. पूर आणि दुष्काळ पाण्याच्या आधिक्याने किंवा अभावाने येतात. साथीचे रोग आणि पिकांवरील किडी हा चौथा, जैविक वर्ग होय. दरडी कोसळणे ही भूपृष्ठावरची घटना असली, तरी महाराष्ट्रात तिचे निमित्त बहुधा अतिवृष्टीच असते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी अशाच मुसळधार पावसात मातीखाली गेली.

भूकंप : इशारा न देणारी आपत्ती

पृथ्वीचे कवच अनेक मोठ्या खंडांचे, म्हणजे भूपट्टांचे बनलेले आहे. भारताचा भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत असून तो आशियाच्या भूपट्टाला रेटत आहे. हिमालय याच रेट्यातून उभा राहिला. या रेट्याचा ताण दूर दक्षिणेतील जुन्या खडकांतही साठतो आणि एखाद्या जुन्या भेगेजवळ खडक अचानक सरकला की तो मोकळा होतो. हाच भूकंप.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीजवळ असेच घडले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून थकलेली माणसे गाढ झोपेत होती. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती आणि मृतांची संख्या सुमारे ८ हजार. त्यानंतर अवघ्या साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराजवळ ६.७ तीव्रतेचा भूकंप झाला. वेळ तीच, पहाटेची. तेथे मृतांची संख्या साठाच्या आसपास राहिली. तीव्रता अधिक आणि हानी शंभर पटींहून कमी, याचे मुख्य कारण घरांत होते. किल्लारी परिसरातील घरांच्या भिंती जाडजूड दगडांच्या, मातीत रचलेल्या आणि छपरावर मातीचा भार असलेल्या होत्या. उन्हाळ्यात थंडावा देणारे ते छप्परच झोपलेल्यांवर कोसळले.

किल्लारीचा आणखी एक धडा आहे. त्या काळच्या भूकंप नकाशावर तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. पूर्व विदर्भही कमी धोक्याचा मानला जातो. तथापि २२ मे १९९७ रोजी जबलपूरला झालेल्या ५.८ तीव्रतेच्या भूकंपाने तीसहून अधिक बळी घेतले आणि ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातील मुलुगु येथील ५.३ तीव्रतेच्या भूकंपाचे धक्के पूर्व विदर्भातही जाणवले. येथे भीती बाळगण्याचे कारण नाही. नवी घरे, शाळा आणि धर्मस्थाने बांधताना भूकंपरोधक बांधकामाचे नियम पाळण्याचे कारण मात्र निश्चित आहे.

किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. धान्य आणि वस्त्रे काही दिवसांत संपतात, तर शिक्षण संपूर्ण आयुष्य उभे करते, हा विचार त्यामागे होता. मदतीचा काळ पहिल्या आठवड्यानंतर संपत नाही, हे या उदाहरणाने समाजाला शिकवले.

वीज आणि उष्णता : एकेकाला गाठणाऱ्या आपत्ती

भूकंपाची बातमी देशभर होते. विजेची होत नाही, कारण ती एका वेळी एका-दोघांनाच नेते. उंच ढगांत वर-खाली होणाऱ्या बर्फकणांच्या व जलकणांच्या घर्षणाने विद्युतभार साठतो. तो जमिनीकडे झेपावतो तेव्हा त्या मार्गातील हवा सुमारे ३० हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तिचा स्फोटासारखा प्रसार होतो, तोच गडगडाट. उघड्या सपाट जागेतील सर्वांत उंच वस्तू विजेला जवळची वाटते. भाताच्या बांधीत रोवणी करणारी स्त्री आणि धुऱ्यावरचे एकटे झाड, दोन्ही अशा उंच वस्तू ठरतात. पाऊस आला की त्याच झाडाखाली आसरा घेण्याची सवय प्राणघातक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाईल अॅप परिसरातील विजेची सूचना देते. सूचना शेतापर्यंत पोहोचली आणि मजुरांना वेळीच पक्क्या छपराखाली नेले, तर जीव वाचतो.

उन्हाळ्यातील उष्णतेची लाट याहूनही मूक असते. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उत्तर-पश्चिमेकडून येणारे कोरडे वारे आणि निरभ्र आकाश ही त्याची मुख्य कारणे. त्यात हमाल, रिक्षावाले, वीटभट्टीवरील मजूर आणि घरातील वृद्ध यांना सर्वाधिक त्रास होतो.

दुष्काळ आणि पूर्वजांची पाळ

भंडाऱ्यात पाऊस पुरेसा पडतो, पण तो चार महिन्यांत पडतो आणि मध्येच दडी मारतो. रोवणीनंतर दोन-तीन आठवडे पाऊस आला नाही तर भाताचे पीक हातचे जाते. या अडचणीवर येथील पूर्वजांनी तलावांचा उपाय शोधला. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने उताराला आडवी मातीची पाळ घालून हजारो तलाव आणि बोड्या बांधल्या. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावाला पाणी देई. त्यामुळे पावसाळ्यात पुराचा वेग कमी होई आणि खंड पडला तर तेच पाणी बांध्यांना मिळे. एकाच पाळीने पूर आणि दुष्काळ या दोन्ही आपत्तींना आवर घातला होता.

मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली आणि पुढे हे तलाव शासनाकडे गेले. लोक त्यांना आज मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात. मालकी बदलली तशी दरवर्षी गाळ काढण्याची, पाळ दुरुस्त करण्याची सामूहिक जबाबदारी सैल झाली. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले, काहींच्या पोटात अतिक्रमणे झाली. निसर्गाने येथे काही हिरावून घेतले नाही. राखण सुटली आणि पाणी गेले.

वैनगंगेचा पूर

आता पुन्हा ऑगस्ट २०२० कडे वळता येईल. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे निर्माण होतात आणि ओडिशा, छत्तीसगडवरून मध्य प्रदेशाकडे सरकतात. ऑगस्टच्या अखेरीस अशाच एका प्रणालीने मध्य प्रदेशात अतिवृष्टी केली. शिवनी जिल्ह्यात वैनगंगेवर भीमगड येथे संजय सरोवर हे धरण आहे. पावसाळा संपत येताना धरणे भरलेली ठेवावी लागतात, कारण वर्षभराचे सिंचन त्यांवर अवलंबून असते. त्यामुळे शेवटच्या मोठ्या पावसाला धरणात जागा उरत नाही. पाणी सोडणे भाग पडते. त्यात बावनथडीसारख्या उपनद्यांचे पाणी मिळाले. भंडारा शहराच्या खालच्या अंगाला आंभोऱ्याजवळ पेंचचे पाणी घेऊन येणारी कन्हान वैनगंगेला मिळते. पेंच खोऱ्यातील धरणांतूनही त्याच दिवसांत विसर्ग सुरू होता. पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. कारधा पुलाजवळ नदीची धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे. पाणी ती ओलांडून बरेच वर गेले. पुढे ऑगस्ट २०२२ मध्येही जिल्ह्याने पूर पाहिला.

पुराची कारणे अशी साखळीने येतात : वरचा पाऊस, भरलेली धरणे, एकाच वेळी फुगलेल्या उपनद्या आणि शेवटी पूररेषेच्या आत उभी राहिलेली घरे, बुजवलेले नाले. पहिली तीन कारणे भंडाऱ्याच्या बाहेरची आहेत. शेवटचे मात्र येथलेच आहे.

याच साखळीत एक दिलासाही आहे. संजय सरोवरातून सोडलेले पाणी भंडाऱ्यापर्यंत येण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागतो. किल्लारीच्या माणसांना एक क्षणही मिळाला नव्हता. वैनगंगा एक दिवस देते. २०२० साली दोन राज्यांतील समन्वय आणि इशाऱ्यातील विलंब यांबद्दल पुष्कळ चर्चा झाली. ती आवश्यकच होती. परंतु इशारा वेळेवर आला तरी तो ऐकून काय करायचे हे घराघरांत ठरलेले नसेल, तर तो दिवस वाया जातो.

तो दिवस वापरता येतो, याचे उदाहरण ओडिशाने घालून दिले आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ हे तीव्र चक्रीवादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या पन्नासहून कमी राहिली. वारा तसाच भयंकर होता. समाज बदलला होता.

संस्थेपुढील कर्तव्य

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेजवळ इमारत असते, स्वयंपाकाची भांडी असतात, कार्यकर्ते असतात आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे लोकांचा विश्वास असतो. पुराच्या दिवशी याच चार गोष्टी लागतात. पावसाळ्यापूर्वी सखल वस्त्यांतील एकाकी वृद्ध, गरोदर माता आणि अपंग व्यक्ती यांची यादी तयार असावी. जिल्हा प्रशासनाच्या नियंत्रण कक्षाचा इशारा कोणी कोणाला कळवायचा हे ठरलेले असावे. चातुर्मासात साधू-साध्वींचे वास्तव्य याच काळात असते. त्यांच्या सुरक्षित मुक्कामाचाही विचार आधी व्हावा. व्यापारी बंधूंनी तळमजल्यावरील माल, चोपड्या व दस्तऐवज वर हलविण्याची व्यवस्था ठेवावी आणि दुकानातील नोकराच्या घराचीही तितकीच चौकशी करावी.

आणि एक गोष्ट विसरू नये. पूर आला की माणूस पळतो. दावणीला बांधलेले जनावर पळू शकत नाही. घर सोडताना गुरांची दावी सोडावीत, शक्य तर त्यांना आधीच उंच जागी न्यावे. जीवदयेची परीक्षा अशाच घाईच्या क्षणी होते.

पाऊस पुढील वर्षीही येईल, वैनगंगाही फुगेल. तिने दिलेला तो एक दिवस कामी यावा, एवढी सिद्धता समाजाने ठेवली तर पूर येऊन जाईल आणि माणसे, मुकी जनावरे सुखरूप राहतील. सुवर्ण महोत्सवानिमित्त संस्थेने हे कार्य हाती घ्यावे, हीच अपेक्षा.