पायाखालची परांची

ठाणे, डोंबिवली, कल्याण, कुठेही जा, बांधकामाभोवती बांबूंची परांची दिसते. जखमेलाही अशी परांची लागते.

डोंबिवलीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. ठाण्यापर्यंत लोकलमध्ये उभ्यानं गेले, दिवसभर काम केलं. रात्री मोजा काढला तर रक्तानं माखलेला. बुटात रुळांमधल्या खडीचा तुकडा होता. मधुमेहानं तळवा बधिर झालेला, त्यामुळे टोचल्याचं कळलंच नाही. तीन महिने जखम भरेना.

का? जखम भरताना शरीर कोलॅजनचे धागे विणतं. एमएमपी-९ नावाचं विकर खराब धागे कातरतं. मधुमेही जखमेत ते अतोनात वाढतं आणि नवं विणकामही कातरून टाकतं. हे विकर बनवण्याचा जनुकाचा निरोप आरएनएच्या रूपात जातो. तो वाटेतच नष्ट करता येतो, हे अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये कृमींवर दाखवलं. २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जनुक तसंच राहतं, फक्त गप्प होतं.

पण हा निरोप नष्ट करणारं औषध जखमेत नुसतं सोडलं तर टिकत नाही. म्हणून ते कोलॅजनच्या किंवा कोळंबीच्या टरफलांपासून काढलेल्या कायटोसानच्या जाळीदार चकतीत भरतात. औषध हळूहळू झिरपतं, पेशी जाळीवर चढतात, आणि ही परांची आपोआप विरघळते. अमेरिकेतल्या एमआयटीत पॉला हॅमंड यांच्या गटानं असं औषध थरांनी चढवलेली पट्टी वापरून मधुमेही उंदरांच्या जखमा लवकर भरून आणल्या.

मला यातून फार आशा वाटते. मात्र उंदराची जखम पाठीवर असते. आपली तळव्याखाली, सगळ्या देहाचा भार झेलत. पाय टेकत राहिलात तर कोणतीच परांची टिकणार नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांना प्लास्टर घालून जखमेवरचा भार काढत. त्या गृहस्थांच्या पायालाही आम्ही तसंच प्लास्टर घातलं, आणि जखम भरू लागली.

चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही, तर मधुमेही पायाच्या तज्ज्ञांकडे जा. काळेपणा, दुर्गंधी, ताप दिसला तर त्याच दिवशी. हळद भरू नका, गरम पाण्यानं शेकू नका. टिटवाळ्याला अनवाणी चालत जायचा नवस असेल, तर बाप्पाला सांगा, यंदा चपला घालून येतो. आणि आज झोपण्यापूर्वी जमिनीवर आरसा ठेवून दोन्ही तळवे बघा; नजर अधू असेल तर सुनेला, नातवाला बघायला सांगा.